तिन्हीसांज म्हणजे किती?

ऑक्टोबर २०२५ मध्ये बातमी आली की मोबाईलच्या चिप बनवणारी क्वालकॉम ही अमेरिकी कंपनी आर्डुइनो ही इलेक्ट्रॉनिक्सचे छोटे बोर्ड बनवणारी इटालियन कंपनी विकत घेणार आहे. त्यानंतर आमच्या सोसायटीतल्या दोन-तीन पालकांनी मला जिन्यात थांबवून जवळजवळ एकच प्रश्न विचारला: "शाळेत मुलांना तो निळा बोर्ड देतात, तोच ना हा? पण तो नेमकं करतो काय?"

प्रश्न अगदी रास्त आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून देशभरात सुमारे १०,००० शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः वस्तू जोडून पाहायच्या प्रयोगशाळा, उभ्या केल्या. २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढच्या ५ वर्षांत सरकारी शाळांसाठी आणखी ५०,००० लॅब जाहीर झाल्या. मुलं घरी येऊन सेन्सर, सर्व्हो, ब्रेडबोर्ड असे शब्द वापरतात आणि मोठ्यांना दिसतो तो फक्त रंगीत वायरींचा गुंता.

तो गुंता सोडवायला मी एकच उदाहरण शेवटपर्यंत धरणार आहे: दिवेलागणीला आपोआप लागणारा आकाशकंदील. कंदील कसा असतो हे प्रत्येक घराला माहीत आहे, आणि या छंदातल्या जवळजवळ सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी त्या एका कंदिलात येतात.

संगणकच, पण एका कामाला जुंपलेला

त्या निळ्या बोर्डाचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर: एका चिपमध्ये मावलेला पुरा संगणक. आकडेमोड करणारा भाग, स्मरणशक्ती आणि बाहेरच्या वस्तूंना जोडायचे धातूचे पाय, सगळं त्या एका काळ्या तुकड्यात. या पायांना पिन म्हणतात. अशा चिप तुमच्या घरात आधीपासूनच आहेत: वॉशिंग मशीनमध्ये, इंडक्शन शेगडीत, एसीच्या रिमोटमध्ये, लिफ्टच्या बटणांमागे. १९७४ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने टीएमएस १००० ही चिप विकायला काढली, तेव्हापासून ही जमात आपल्या आजूबाजूला वाढत गेली आहे.

मग लॅपटॉप आणि यात फरक काय? लॅपटॉप एका वेळी पन्नास कामं करतो आणि कोणतं आधी, कोणतं नंतर हे त्याचं तो ठरवतो. मायक्रोकंट्रोलर रेल्वे फाटकावरच्या गेटमनसारखा असतो. त्याला एकच फाटक सांभाळायचं आहे, पण गाडी आली की ते त्याच क्षणी पडलंच पाहिजे. वीज दिल्यावर तो क्षणात कामाला लागतो आणि वीज जाईपर्यंत तेच काम करत राहतो.

आर्डुइनो ऊनो या सर्वांत परिचित बोर्डावरची मूळ चिप एटीमेगा ३२८पी. ती सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोक्यांनी चालते. प्रोग्राम साठवायला तिच्याकडे ३२ किलोबाइट जागा आहे आणि काम करताना मनात धरायला फक्त २ किलोबाइट. देवनागरीतलं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, काना-मात्रा वेगळ्या धरून. म्हणजे या चिपच्या मनात एका वेळी जेमतेम ६८० चिन्हं राहतील, या लेखातला एक मोठा परिच्छेद. तरीही कंदील, तुळशीला पाणी, गणपतीच्या देखाव्यातली हलणारी चित्रं यांना ही जागा पुरून उरते.

नुसती चिप का पुरत नाही

चिप म्हणजे मोटर धरली तर बोर्ड म्हणजे मिक्सर. वाटण्याची ताकद मोटरचीच असते, पण भांडं, बटण आणि प्लग नसेल तर ती स्वयंपाकघरात निरुपयोगी. आर्डुइनोच्या बोर्डावर चिपला योग्य व्होल्टेज देणारा भाग, ठोके देणारा भाग आणि संगणकाला जोडायचं यूएसबी असं सगळं आधीच मांडलेलं असतं. वायर खोचायला भोकं असतात आणि भोकांवर नंबर असतात.

ही सोय का झाली, यामागची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. उत्तर इटलीतल्या इव्रेआ या गावी इंटरअ‍ॅक्शन डिझाइन, म्हणजे माणसाला वापरायला सोप्या वस्तूंची रचना, शिकवणारी एक संस्था होती. तिथले विद्यार्थी डिझाइनर होते, इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनियर नव्हते, आणि त्या काळचे बोर्ड त्यांना महाग पडत. एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने तिथे प्रबंधासाठी वायरिंग नावाची सोपी व्यवस्था बनवली. पुढे २००५ मध्ये मास्सिमो बांत्सी, डेव्हिड कुआर्तिएयेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या पायावर आर्डुइनो उभं केलं. नाव गावातल्या एका बारवरून घेतलं, आणि बारचं नाव १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्डुइनवरून होतं. थोडक्यात, हा बोर्ड पहिल्यापासून 'आम्हाला वस्तू बनवायची आहे, सर्किटची पदवी नको' म्हणणाऱ्यांसाठी जन्मला. मुलांच्या हातात तो सहज रुळतो, याचं कारण तिथे आहे.

उजेडाचा आकडा कसा होतो

आता कंदिलाकडे वळू. संध्याकाळ झाली हे आपल्याला डोळ्यांनी कळतं. बोर्डाला डोळे नाहीत, त्याला फक्त व्होल्टेज कळतं. म्हणून उजेडाचं व्होल्टेज करून देणारी वस्तू लागते. अशा वस्तूला सेन्सर म्हणतात.

आपला सेन्सर आहे एलडीआर: बोटाच्या पेरापेक्षा लहान, वर नागमोडी रेघ असलेली चकती, किंमत दहा रुपयांच्या आसपास. तिच्यावर उजेड पडला की वीज सहज जाते, अंधार झाला की वीज अडते. हा अडथळा ओहम या एककात मोजतात. भर उजेडात तो हजारभर ओहम किंवा त्याहून कमी असतो, आणि गडद अंधारात लाखो ओहमपर्यंत चढतो.

पण बोर्डाला ओहम कळत नाहीत. म्हणून एक जुनी, सुंदर युक्ती वापरतात. एलडीआर आणि १०,००० ओहमचा साधा रेझिस्टर एकामागे एक जोडायचे आणि दोघांना मिळून ५ व्होल्ट द्यायचे. मग ५ व्होल्टची दोघांत वाटणी होते. नियम सोपा आहे: ज्याचा अडथळा मोठा, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. अंधार पडत गेला की एलडीआरचा अडथळा वाढतो, त्याचा वाटा वाढतो, आणि रेझिस्टरच्या वाट्याचं व्होल्टेज कमी होत जातं. दोघांच्या मधल्या सांध्याला बोर्डाची पिन लावली की तिला ही उतरती पायरी दिसू लागते.

ऊनो ० ते ५ व्होल्ट या अंतराचे १,०२४ भाग पाडतं आणि सांगतं की आत्ता आपण कितव्या भागात आहोत. ० म्हणजे काहीच नाही, १०२३ म्हणजे पूर्ण. एक पायरी साधारण ४.९ मिलिव्होल्टची. समजा संध्याकाळी एलडीआरचा अडथळा २०,००० ओहम झाला. एकूण ३०,००० मधला रेझिस्टरचा हिस्सा एक तृतीयांश, म्हणजे १.६७ व्होल्ट, आणि आकडा येईल ३४१ च्या आसपास.

इथे या सगळ्या छंदाचा गाभा आहे, म्हणून थोडं थांबतो. आजी म्हणते, "तिन्हीसांज झाली, दिवा लाव." तिला कुणी विचारत नाही की तिन्हीसांज म्हणजे किती. बोर्ड विचारतो. त्याला 'अंधारल्यासारखं झालं की' असं सांगून चालत नाही, त्याला आकडा लागतो. ३००? ३५०? तो आकडा कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. कोकणातल्या माडांखालच्या अंगणाचा वेगळा, पुण्यातल्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीचा वेगळा. रोज बोलताना आपण किती गोष्टी मोघम सोडून देतो हे हा बोर्ड दाखवून देतो, आणि मग एकेक गोष्ट नीट ठरवायला लावतो. मुलांनी हे करावं असं मला मनापासून वाटतं, ते याच कारणासाठी.

रहाटासारखा फिरणारा प्रोग्राम

बोर्डाला करायची कामं लिहून देणं म्हणजे प्रोग्राम. संगणकावर तो लिहायचा, यूएसबी वायरीने बोर्डात भरायचा आणि वायर काढून टाकायची. वीज गेली तरी प्रोग्राम आत टिकतो.

आर्डुइनोच्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. पहिला सेटअप, म्हणजे मांडामांड. ही एकदाच होते: अमुक पिनवरून ऐकायचं, तमुक पिनवरून दिवा लावायचा. दुसरा लूप. हा विहिरीवरच्या रहाटासारखा गोल फिरतो. उजेडाचा आकडा वाच, ३०० पेक्षा कमी असेल तर कंदील लाव, पुन्हा आकडा वाच. सेकंदात हजारो फेरे होतात.

नवशिक्यांची पहिली मोठी अडचण या रहाटातच येते. डिले नावाची एक आज्ञा आहे: इतका वेळ थांब. कंदील मंदपणे उजळावा, थोडा वेळ तसाच राहावा, मग रंग बदलावा यासाठी सगळे आधी तीच वापरतात. पण डिले चालू असताना बोर्ड दुसरं काहीच करत नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून कुणी पातेल्यावर डोळे रोखून उभं राहिलं आणि दारावरची बेल वाजली तरी हललं नाही, तसं होतं. तुम्ही बटण दाबता आणि कंदील दाद देत नाही. उपाय म्हणजे घड्याळाकडे बघत काम करणं. सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले हे बोर्डाला ठाऊक असतं. प्रत्येक फेऱ्यात तो फक्त विचारतो, "रंग बदलायची वेळ झाली का?" झाली नसेल तर पुढच्या कामाला लागतो. हा बदल एकदा डोक्यात बसला की प्रकल्पांचा दर्जाच बदलतो.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ऊनोला तारीख कळत नाही. वसुबारसेला एक रंग, लक्ष्मीपूजनाला दुसरा असं हवं असेल, तर नाण्याएवढ्या सेलवर चालणारं वेगळं घड्याळाचं मॉड्यूल जोडावं लागतं. डीएस ३२३१ नावाचं मिळतं, चांगलं असतं.

पंगतीतले दिवे

निर्णय झाला, आता उजेड पाडायचा. साधी एलईडी लावणं सोपं आहे, फक्त तिच्यासोबत रेझिस्टर हवाच. लाल एलईडी २ व्होल्ट घेते, उरलेले ३ व्होल्ट २२० ओहमच्या रेझिस्टरवर पडतात, आणि करंट १३-१४ मिलिअँपियरवर राहतो. रेझिस्टर गाळला तर करंटला लगाम राहत नाही, आणि एलईडी किंवा पिन, दोन्हींपैकी काहीतरी जातं.

मंद उजेड कसा मिळतो? पिन तर फक्त चालू किंवा बंद होऊ शकते. बोर्ड ती सेकंदाला सुमारे ४९० वेळा चालू-बंद करतो आणि चालू राहण्याचा काळ कमी-जास्त करतो. डोळ्याला लुकलुक दिसत नाही, सरासरी दिसते. वेगाने फिरणाऱ्या पंख्याची पाती एक फिकट चकती दिसतात ना, तसंच.

कंदिलाला मात्र रंग हवेत. त्यासाठी डब्ल्यूएस २८१२ प्रकारची एलईडीची पट्टी मिळते. तिच्यातल्या प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची बारीकशी चिप असते, म्हणून ३० दिव्यांना ३० वेगवेगळे रंग द्यायला बोर्डाची एकच पिन पुरते. पंगतीत पत्रावळींची चवड पहिल्या पानावरच्या माणसाकडे देतात. तो आपली एक ठेवून घेतो आणि उरलेली चवड पुढे सरकवतो. इथे तेच घडतं. बोर्ड ३० रंगांची चवड पाठवतो, पहिला दिवा आपला रंग घेतो, बाकीचे पुढे ढकलतो. प्रत्येक रंगात लाल, हिरवा, निळा यांच्या २५६-२५६ पायऱ्या, म्हणजे एकूण १ कोटी ६७ लाखांहून जास्त छटा.

पट्टीची एक गोष्ट मुलांना हमखास अडवते: करंट. एक दिवा पूर्ण पांढरा लागला तर ६० मिलिअँपियरपर्यंत घेतो. ३० दिवे म्हणजे १.८ अँपियर. ऊनोच्या एका पिनने २० मिलिअँपियरच द्यावेत अशी अपेक्षा असते. त्यामुळे पट्टीला वीज वेगळ्या ५ व्होल्टच्या, २ अँपियरहून थोड्या मोठ्या अ‍ॅडॉप्टरमधून द्यायची आणि बोर्डाकडून फक्त निरोप घ्यायचा.

आणि दोघांचं ग्राउंड जोडायचं. ग्राउंड म्हणजे व्होल्टेज जिथून मोजायचं ती जमीन. एक माणूस तळमजल्यावरून उंची मोजतोय आणि दुसरा गच्चीवरून, तर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. पट्टी विचित्र लुकलुकतेय अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा ग्राउंडची वायर तपासतो. बहुतेक वेळा तीच राहिलेली असते.

कंदील स्वतःलाच फसवतो

सगळं जोडलं. संध्याकाळ झाली, आकडा ३०० च्या खाली गेला, कंदील लागला. पुढच्याच क्षणी विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला.

माझा पहिला कंदील असाच फडफडत होता. प्रोग्राममध्ये चूक नव्हती. एलडीआर कंदिलाच्या आतच बसवला होता, त्यामुळे कंदील लागला की त्याचाच उजेड एलडीआरवर पडायचा आणि बोर्डाला वाटायचं, दिवस उजाडला. विझवला की पुन्हा रात्र. उपाय हातानेच करायचा होता: एलडीआर बाहेर काढून आभाळाकडे तोंड करून लावला आणि भोवती काळ्या प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा बसवला, म्हणजे बाजूचा उजेड आत येऊ नये.

तरी ऐन संध्याकाळी थोडी फडफड राहिली. उजेड काही एका रेषेत उतरत नाही. ढग सरकतो, पाखरांचा थवा जातो, आकडा २९९, ३०२, २९८ असा नाचतो. इथे टाकीच्या मोटरकडून शिकायचं. पाणी पाव टाकीवर आल्यावर मोटर सुरू होते आणि टाकी भरल्यावरच बंद होते. दोन्हींची खूण एकच ठेवली तर मोटर दर मिनिटाला चालू-बंद होऊन जळेल. तसंच कंदिलाला दोन आकडे द्यायचे: ३०० च्या खाली गेला तर लाव, ४०० च्या वर गेला तरच विझव. मधल्या पट्ट्यात आहे तसा राहू दे. इंजिनियर याला हिस्टेरेसिस म्हणतात आणि तुमच्या फ्रिजपासून गीझरपर्यंत सगळीकडे ते आहे.

मग एक भुईनळा उडाला आणि त्याच्या लखलखाटाने कंदील विझला. त्यासाठी अजून एक नियम घातला: उजेड सलग एक मिनिट टिकला तरच विश्वास ठेव.

हे तिन्ही दोष मी कुठे वाचले नव्हते. बाल्कनीत उभं राहून पाहिले.

"ऑटोमॅटिक दिवे बाजारात मिळतात की!"

मिळतात आणि चांगले मिळतात. फक्त दिवा हवा असेल तर तो विकत घ्यावा. पण विकतच्या दिव्याची तिन्हीसांज कारखान्यात ठरलेली असते. ती बदलता येत नाही, आणि दिवा का लागला हे त्याला विचारताही येत नाही.

शिवाय काही वस्तू बाजारात असूच शकत नाहीत. मी पाहिलेल्या प्रकल्पांत मला सर्वांत आवडलेला होता लाकडाचं एक वीतभर जातं. खालच्या बाजूला लोहचुंबक, त्याच्या वाटेवर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, आणि मेमरी कार्डवरचा आवाज वाजवणारं छोटं मॉड्यूल. जातं फिरवलं की घरातल्या आजींच्या आवाजात रेकॉर्ड केलेली ओवी ऐकू येते, हात थांबला की ओवी थांबते. यातला अवघड भाग प्रोग्राम नव्हता. हात थांबला म्हणजे किती वेळ थांबला? अर्धा सेकंद ठेवला तर हात बदलतानाच ओवी तुटायची. दळणाऱ्या बाईचा हात बघून तो दोन सेकंद केला, आणि मग ओवी जात्याबरोबर वाहू लागली.

"प्रोग्राम आता एआय लिहून देतं, मग शिकायचं कशाला?"

लिहून देतं, आणि कंदिलासारख्या कामासाठी बरंच बरोबर लिहून देतं. अडलेल्या मुलाने त्याची मदत घ्यावी, मला त्यात गैर वाटत नाही. पण तुमची वायर ब्रेडबोर्डवर एक भोक बाजूला गेली आहे हे त्याला दिसत नाही. ब्रेडबोर्ड म्हणजे सोल्डर न करता, धातूचा डाग न देता, सर्किट जुळवायची भोकांची पाटी. मोठ्या पाटीवर कडेच्या लाल-निळ्या रेघा पुष्कळदा मध्यावर तुटलेल्या असतात, म्हणजे वरच्या अर्ध्या भागातली वीज खालच्या अर्ध्यात पोचत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी मल्टिमीटर हे वीज मोजायचं यंत्र लावून एकेक भोक तपासलं तेव्हा उलगडा झाला.

या छंदातून हाताला लागणारं खरं कसब तेच: दोष शोधणं. बोर्डाला वीज आहे का? प्रोग्राम पोचला का? सेन्सरचा आकडा हलतोय का? अर्ध्यावर तपासायचं, दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते ठरवायचं, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. गावातले चांगले मोटर मेकॅनिक हेच करतात.

म्हणूनच विज्ञान प्रदर्शनासाठी तयार प्रकल्प विकत आणून मुलाच्या हाती देणं मला सलतं. मूल चार वाक्यं पाठ करून टेबलामागे उभं राहतं आणि परीक्षकाने एक वायर काढली तर गोंधळून जातं. बक्षीस मिळालं तरी त्याच्या हाती काहीच आलेलं नसतं. अर्धवट चाललेला, स्वतःच्या हातांनी जोडलेला कंदील मला कितीतरी मोलाचा वाटतो.

"इंग्रजी आणि गणित कच्चं असेल तर?"

सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द वीसच्या आत आहेत, आणि ते वापरातून पाठ होतात. प्रोग्राममध्ये स्वतःसाठी लिहायच्या टिपा देवनागरीत लिहिता येतात, चिप त्या वाचतच नाही. 'इथून खाली रात्र' अशी टीप एका मुलीने लिहिलेली मी पाहिली आहे. गणित गुणोत्तर-प्रमाणापर्यंतचं पुरतं, ती मघाची ५ व्होल्टची वाटणी म्हणजे तेच.

पुणे जिल्ह्यातल्या पाबळ इथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, शाळेत न रमलेल्या ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकवण्यासाठी. फॅब लॅब म्हणजे यंत्रांच्या मदतीने हवी ती वस्तू बनवून पाहायची कार्यशाळा; अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाबाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक २००२ मध्ये तिथे उभी राहिली. करत करत शिकणं ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही.

"शॉक बसणार नाही ना?"

बोर्डाच्या ५ व्होल्टने शॉक बसत नाही. धोका भिंतीतल्या २३० व्होल्टचा आहे. रिले नावाचं मॉड्यूल जोडून बोर्डाकडून घरातला पंखा, मोटर, ट्यूबलाइट चालवता येते, आणि इंटरनेटवर असे व्हिडिओ ढीगभर आहेत. मुलांनी ते करू नये. मोठ्यांनीही जाणकार इलेक्ट्रिशियन सोबत असल्याशिवाय करू नये. आपला कंदील ५ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालतो, त्यात मुख्य विजेला हात लावायची वेळच येत नाही. लिथियमच्या सुट्या सेलबाबतही तेवढीच काळजी हवी: त्यांची टोकं चुकून जुळली तर आग लागू शकते. अवकाळी पावसाचा विचार करून बोर्ड झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावा आणि वायर डब्याच्या खालून बाहेर काढावी, म्हणजे पाणी तिच्यावरून ओघळत आत जाणार नाही.

"स्वस्त बोर्ड म्हणजे नकली माल का?"

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गेलात तर ऊनोसारखाच बोर्ड काहीशे रुपयांत मिळतो, आणि मूळ इटालियन बोर्ड त्याच्या कितीतरी पट महाग. ऊनोचे नकाशे आर्डुइनोने स्वतःच सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. ते बघून बोर्ड बनवणं आणि विकणं मान्य आहे, फक्त आर्डुइनो हे नाव आणि चिन्ह लावायला परवानगी लागते. म्हणजे वेगळ्या नावाचा स्वस्त बोर्ड ही चोरी नव्हे. आर्डुइनोचं चिन्ह छापून मूळ म्हणून विकला, तर ती फसवणूक. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा सीएच ३४० नावाची चिप असते. संगणकाने बोर्ड ओळखला नाही तर तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला तिची ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, टाकून पाहावा.

सुरुवात ऊनोनेच करा, ते चुका सोसतं. वाय-फाय हवं झालं की ईएसपी ३२ घ्या, ते बरंच ताकदवान आहे. पण त्याच्या पिन ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट सरळ दिले तर चिप जाऊ शकते. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी बीबीसीचा मायक्रोबिट चांगला. ब्रिटनमध्ये २०१६ मध्ये तो सुमारे १० लाख शाळकरी मुलांना फुकट वाटला होता.

"कंपनी विकली गेली, आता हे सगळं बंद होईल का?"

खुले नकाशे एकदा जगभर पोचले की ते परत घेता येत नाहीत. उद्या मालकाने धोरण बदललं तरी आजच्या ऊनोचे बोर्ड बनत राहतील, आणि त्यावर लिहिलेले प्रोग्राम चालत राहतील. विक्रीची घोषणा करताना ब्रँड स्वतंत्र राहील असं दोन्ही बाजूंनी सांगितलं, आणि त्याच दिवशी ऊनो क्यू नावाचा नवा बोर्डही आणला. त्यात लिनक्स ही संगणकप्रणाली चालवणारा क्वालकॉमचा प्रोसेसर आणि मायक्रोकंट्रोलर दोन्ही आहेत. काळजी मला नव्या बोर्डांची वाटते. ते तितकेच खुले राहतात की नाही, यावर लक्ष ठेवायला हवं, कारण अवघ्या काहीशे रुपयांत हा छंद भारतात पोचला तो त्या खुलेपणामुळेच.

पहिल्या संध्याकाळी काय करायचं

बोर्ड, यूएसबी वायर, ब्रेडबोर्ड, एलडीआर, १०,००० ओहमचा रेझिस्टर आणि चार वायरी, एवढंच आणा. रंगीत पट्टी आत्ता नको, कंदीलही नको. एलडीआर जोडा, आकडा संगणकाच्या पडद्यावर दर सेकंदाला उमटेल एवढाच प्रोग्राम भरा आणि लॅपटॉप घेऊन पाच वाजता बाल्कनीत बसा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला शेजारी बसवा, पण त्यांना पडदा दाखवू नका. आठशे, सातशे, साडेपाचशे असा आकडा सावकाश उतरत जाईल. ते 'आता दिवा लाव' म्हणतील, त्या क्षणीचा आकडा वहीत लिहा.

आमच्या घरी आईने पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा पडद्यावर ३१२ होता. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. आकडा अर्धा तास आधीच तीनशेच्या घरात पोचला, आणि आई आतून म्हणाली, "अरे, दिवा लावलास का?"